सवय सोडताना वाढणारा ताण कसा हाताळावा

सिगारेट, तंबाखू, मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहत बसणे, मन बिघडले की गोड किंवा तळलेले खात राहणे, यांपैकी कोणतीही सवय सोडण्याचा निश्चय करणारा माणूस पहिल्याच आठवड्यात एका अनुभवाने गोंधळून जातो. सवय सुटली की बरे वाटेल अशी त्याची अपेक्षा असते; प्रत्यक्षात चिडचिड वाढते, झोप उडते आणि कामात लक्ष लागत नाही. मग ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असे ठरवून चौथ्या-पाचव्या दिवशी पाय पुन्हा टपरीकडे वळतात आणि सगळे खापर मनोबलावर फुटते. मला हे अन्यायाचे वाटते. अशा पुष्कळ प्रयत्नांत मनोबल पुरेसे असते. ताण वाढणार हे गृहीत धरून त्याची व्यवस्था आधी केलेली नसते.

या काळात दोन निराळे ताण एकाच वेळी सोसावे लागतात आणि ते वेगळे ओळखता आले तर पुढचे पुष्कळ काम सोपे होते. पहिला ताण सवयीच्या आधीपासूनचा असतो: कामाच्या मुदती, घराचे हप्ते, आई-वडिलांचे आजारपण, नात्यातला अबोला. सवय त्याच्यावर पांघरूण घालत होती, ते काढले की तो उघडा पडतो. दुसरा ताण सवय सोडल्यामुळेच निर्माण होतो, कारण ठरलेल्या वेळी मिळणारी वस्तू मिळेनाशी झाली की शरीर कुरकुरू लागते. हा दुसरा ताण काही आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि तोवरचे दिवस काढणे एवढेच आपल्या हाती असते. पहिला मात्र नुसत्या वाट पाहण्याने जात नाही. या दोहोंची गल्लत झाली की माणूस कुरकुरणाऱ्या शरीराला आयुष्याचा प्रश्न समजतो आणि आयुष्याच्या खऱ्या प्रश्नाला ‘तलफ आली आहे, जाईल’ म्हणून टाळतो.

सिगारेटच्या बाबतीत ही गल्लत विशेष खोल असते. रक्तातील निकोटिनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे काही तास गेले की अस्वस्थता सुरू होते आणि पुढची सिगारेट ती अस्वस्थता तेवढ्यापुरती घालवते. ओढणाऱ्याला मात्र सिगारेटने ऑफिसचा ताण कमी केला असे वाटते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, सिगारेट सोडलेल्यांची आणि ओढत राहिलेल्यांची तुलना केली असता, सोडणाऱ्यांमध्ये चिंता, उदासी आणि ताण कमी झाल्याचे आढळले. सोडताना आपण ताणावरचे औषध गमावतो आहोत, ही भीती त्यामुळे मनातून काढून टाकावी.

दुसरी एक गोष्ट माहीत असलेली बरी. ताणाखाली मेंदू विचारपूर्वक निर्णय घेण्यापेक्षा जुन्या, घोटलेल्या वाटेने जाणे पसंत करतो. लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वुल्फ या जर्मन संशोधकांनी २००९ मध्ये प्रयोगांतून हे दाखवले. म्हणजे ज्या क्षणी निश्चयाची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा असतो. म्हणून निर्णय त्या क्षणावर सोडू नयेत. ते शांत डोक्याने आधीच करून ठेवावेत.

सोडण्याआधीचा आठवडा

या आठवड्यात सवय मुळीच बदलू नये. फक्त खिशात मावेल अशी छोटी वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक वेळी वेळ, ठिकाण, सोबत कोण होते आणि त्याआधी मनात काय चालले होते, एवढे चार-सहा शब्दांत टिपावे. मोबाइलवर नोंद ठेवण्यास हरकत नाही, परंतु मोबाइल हीच सवय असेल तर कागदच वापरावा. आठवडाअखेरीस नोंदी वाचल्या की आकृती दिसू लागते. हिंजवडीतल्या कंपनीत काम करणाऱ्याला दिसेल की जेवणानंतरची सिगारेट भुकेशी किंवा ताणाशी संबंधित नसून केवळ खाली उतरणाऱ्या मित्रांशी बांधलेली आहे, तर संध्याकाळी सहाची मात्र वरिष्ठांच्या फोननंतरची आहे. चाकणच्या कारखान्यात पाळी बदलताना मळली जाणारी तंबाखू बहुधा थकव्याची असते. पहाटे उठल्याबरोबर मिश्री लावणाऱ्या बाईंना कदाचित जाणवेल की दिवसभराच्या धबडग्यात ती पाच मिनिटेच त्यांची स्वतःची असतात. ही माहिती मोलाची आहे, कारण प्रत्येक वेळेला लागणारा पर्याय वेगळा असतो.

तारीख निवडताना वर्षाचा अंदाज घ्यावा. मार्चअखेर हिशेबाची धांदल असणाऱ्याने मार्चमध्ये सुरुवात करू नये; घरात लग्न असेल तर ते पार पडू द्यावे. आपल्याकडे श्रावणात मांसाहार आणि मद्य वर्ज्य करण्याची रीत आहे आणि घरातले वातावरणही तेव्हा अनुकूल असते, त्यामुळे अनेकजण श्रावणाचाच मुहूर्त धरतात. तो चांगला आहे. अडचण एवढीच की महिन्याच्या टोकाला एक शेवट आधीच ठरलेला असतो. श्रावणात सुरुवात करणाऱ्याने भाद्रपदाच्या पहिल्या आठवड्याची योजना, विशेषतः गणपतीत जमणाऱ्या मित्रमंडळींचे काय करायचे याची, आधीच लिहून ठेवावी. माझ्या मते एका वेळी एकच सवय हाती घ्यावी. सिगारेट, साखर आणि मोबाइल एकाच सोमवारी बंद करणाऱ्याच्या वाट्याला तिहेरी कुरकुर येते आणि कोणती कशामुळे आहे हेही कळत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे आणि तो या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जो माणूस रोज भरपूर दारू पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याने श्रावण लागला म्हणून किंवा कोणी शपथ घातली म्हणून एकाएकी दारू बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, छातीत धडधड अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. अशा माणसाने आधी डॉक्टरांकडे जावे. औषधांच्या साहाय्याने हे दिवस सुरक्षितपणे काढता येतात. अनेक महिने रोज झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी कराव्यात.

पहिले काही दिवस

तंबाखू किंवा सिगारेट सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. प्रत्येक तलफ मात्र त्याहून फार लहान असते. ती चढते, शिखरावर जाते आणि दुर्लक्ष केले तरी सामान्यतः काही मिनिटांतच उतरते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीच्या उपचारात यावर आधारलेली एक पद्धत रूढ केली: तलफेशी झगडू नये, ती शरीरात कोठे जाणवते ते पाहावे. घसा आवळतो का, बोटे चाळवतात का, छातीवर दडपण येते का, हे बारकाईने पाहत राहावे आणि ते वाढताना व उतरताना लक्षात घ्यावे. घड्याळात वेळ पाहून ‘दहा मिनिटांनी ठरवू’ असे म्हणणेही पुष्कळांना पुरते. त्या दहा मिनिटांत जागा बदलावी, पाणी प्यावे, हाताला काम द्यावे.

श्वासाचा उपाय सर्वजण सांगतात, पण तो नेमका कसा करावा हे क्वचितच सांगितले जाते. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. म्हणजे मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडण्याचा काळ लांबवायचा. तलफ येईल तेव्हा ऐनवेळी प्रथमच करून पाहिल्यास याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून सोडण्याच्या आधीच्या आठवड्यापासून रोज सकाळी पाच मिनिटे सराव करावा. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी श्वास रोखून धरण्याचे प्रकार टाळावेत. पुण्यात योग शिकवणाऱ्या जाणत्या संस्थांची वाण नाही. मॉडेल कॉलनीत बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये सुरू केलेली संस्था आहे आणि लोणावळ्याला १९२४ पासूनचे कैवल्यधाम आहे. तरीही वर्गात नाव घालण्याची वाट पाहत सुरुवात लांबवू नये.

चहा-कॉफीबद्दल थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरातील काही द्रव्ये यकृतातील एका विकराला (एन्झाइमला) उत्तेजित करतात आणि तोच विकर कॅफिनचा निचरा करतो. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर बाहेर पडते. सिगारेट थांबली की काही दिवसांतच हा वेग मंदावतो आणि पूर्वीइतकाच चहा घेऊनही रक्तात कॅफिन अधिक साठते. परिणाम काय होतो, तर छाती धडधडते, हात कापतात, रात्री डोळा लागत नाही. आणि माणूस समजतो की सिगारेट सोडल्यानेच हे सगळे होत आहे. यावर साधा उपाय असा की सिगारेट सोडण्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणावी आणि दुपारनंतर टाळावी. एकदम बंद करू नये, कारण कॅफिन तुटल्याने डोकेदुखी सुरू होते आणि त्रासात भर पडते. चघळण्याची तंबाखू किंवा मिश्री सोडणाऱ्यांना हा नियम लागू नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी ओलँझापिन, क्लोझापिन ही औषधे घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना अवश्य कळवावे. याच कारणाने त्या औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढू शकते.

तोंडात काही ठेवण्याची गरज अनेकांना भासते. त्यासाठी भाजलेली बडीशेप, लवंग, वेलदोडा, फुटाणे किंवा गाजराचे तुकडे चालतील. सुपारी मात्र पर्याय म्हणून कधीही निवडू नये, मग ती गोड असो वा सुगंधी. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगास कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केलेले आहे. ई-सिगारेटवर तर भारतात २०१९ पासून बंदीच आहे. निकोटिनयुक्त च्युइंगमचा चांगला उपयोग होतो, परंतु तो नेहमीच्या च्युइंगमसारखा सतत चघळत राहू नये. थोडा चावून तिखट चव आली की गालात दाबून ठेवावा आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये, कारण त्यामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी.

टपरी, टेकडी आणि घर

टपरीवर जाणे बंद केले की माणसाची सुटीही बंद होते, हा मुद्दा बहुतेक सल्ल्यांत राहून जातो. सिगारेटच्या निमित्ताने तो खुर्चीवरून उठत होता, उजेडात येत होता, चार माणसांशी बोलत होता. ताण खरोखर कमी करणारी गोष्ट होती ती ही. सवयीबरोबर तीही गमावली तर दिवस असह्य होतो. म्हणून त्याच वेळी, तितकीच मिनिटे बाहेर पडावे, फक्त पाय दुसरीकडे वळवावेत. सहकाऱ्याने ‘चल, खाली येतोस का?’ असे विचारले की काय म्हणायचे हे आधीच ठरलेले असावे: ‘येतो, पण टपरीवर नको, एक फेरी मारून येऊ.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ मध्ये अशा ‘जर असे झाले तर मी तसे करीन’ या स्वरूपाच्या ठरावांचा प्रभाव मांडला आणि त्यानंतरच्या संशोधनातही असे ठराव केवळ ‘मी सोडणार’ या निश्चयापेक्षा अधिक टिकतात असे दिसले. सोमवार ते शुक्रवार ज्या तीन-चार प्रसंगी पाय घसरतो, त्या प्रत्येकासाठी असे एकेक वाक्य लिहून काढावे.

चालण्याला दुसरा पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. दहा-पंधरा मिनिटे झपाझप चालले तरी सिगारेटची तलफ तेवढ्यापुरती कमी होते, हे अनेक चाचण्यांत आढळले आहे, आणि पुण्यासारखे टेकड्यांचे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले आहे. पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, यांपैकी घराजवळची एक निवडावी आणि ज्या वेळी सवय सर्वाधिक जोर करते तीच वेळ शक्यतो चालण्यास द्यावी. सकाळी पहिल्या चहाबरोबर सिगारेट लागणाऱ्याने चहाआधीच टेकडी गाठावी. रात्रपाळी करणाऱ्यास टेकडी सोयीची नसेल, तर कंपनीचा जिना दोन वेळा चढून उतरणेही पुरेसे होते.

घरच्यांशी सोडण्याच्या आधी बोलावे. ‘आई, पुढचे दोन-तीन आठवडे मी चिडेन. ते तुझ्यावर नसेल. मी उठून बाहेर गेलो तर मागे येऊ नकोस, अर्ध्या तासात येतो’, एवढे स्पष्ट बोलणे पुरते. जोडीदाराला याहून थोडे अधिक सांगावे आणि त्यांचेही ऐकावे, कारण या सवयीचा जाच त्यांनी बहुधा वर्षानुवर्षे सोसलेला असतो. घरच्यांनीही खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे, पाहुण्यांसमोर ‘सोडली आहे हं याने’ असे जाहीर करणे टाळावे. पाळतीखाली असलेला माणूस सवय सोडत नाही, लपवू लागतो.

मोबाइलची सवय सोडणाऱ्याने चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर लावावा आणि गजराचे साधे घड्याळ विकत घ्यावे. कोणतीही सवय सोडताना झोप पुरेशी असणे अत्यावश्यक आहे, कारण अपुऱ्या झोपेने तलफ सोसण्याची ताकदच घटते. म्हणून निदान पहिला महिना तरी झोपण्याची वेळ ठरलेली ठेवावी.

आधीपासूनचा ताण

पहिल्या आठवड्याची कुरकुर शमली की जुना ताण समोर उभा राहतो. वहीतील नोंदींत तो सापडतोच. त्यातील प्रत्येक गोष्ट दोन भागांत मांडावी: या आठवड्यात मला काही करता येईल अशी, आणि आत्ता माझ्या हातात नसलेली. विद्यापीठ चौकातील कोंडी आपल्या हातात नाही, पण अर्धा तास आधी निघणे किंवा जमत असेल त्या मार्गावर मेट्रोने जाणे हातात आहे. वरिष्ठांचा स्वभाव हातात नाही, पण संध्याकाळी उशिरा येणाऱ्या कामाबद्दल त्यांच्याशी एकदा शांतपणे बोलणे हातात आहे. कर्जाचे हप्ते डोक्यावर असतील तर नवरा-बायकोने एकत्र बसून कागदावर आकडे मांडावेत. न मांडलेला आकडा खऱ्यापेक्षा मोठा वाटतो. जे खरोखर हातात नाही, त्याची काळजी करण्यास संध्याकाळची वीस मिनिटे ठरवून द्यावीत आणि इतर वेळी तो विचार आला की त्या वेळेवर ढकलावा. हे ऐकायला विचित्र वाटते, पण चिंतेवरच्या उपचारात ही पद्धत वापरली जाते.

घसरण झाली तर

लग्नात, सहलीत, भांडणानंतर कधीतरी एखादी सिगारेट ओढली जाते. त्या एका सिगारेटने होणारे नुकसान थोडे असते. ‘आता सगळे संपलेच’ या विचाराने होणारे फार मोठे असते आणि मार्लाट यांनी घसरण व पूर्ण पुनरावृत्ती यांतील हा फरक आग्रहाने मांडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा दिसला आणि त्याचा मध्य ६६ दिवस होता. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यांनी नोंदवले. २१ दिवसांत सवय सुटते या प्रचलित समजुतीला म्हणूनच चिकटून राहू नये. घसरण झाल्यावर उरलेले पाकीट त्याच क्षणी टाकून द्यावे, काय घडले ते वहीत लिहावे, विश्वासातल्या एका माणसाला सांगावे आणि पुढचा सोमवार, पुढची पहिली तारीख किंवा पुढचा पाडवा यांची वाट न पाहता त्याच तासापासून पुन्हा सुरू करावे.

मदत कोठे मागावी

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे. दारू आणि इतर अमली पदार्थांसाठी १४४४६ आणि मानसिक ताणासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो; तेथे मराठीतून बोलता येते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि जगणे नकोसे वाटू लागले तर एक रात्रही न थांबता ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयात संपर्क साधावा. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेले ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि तेथील उपचारात कुटुंबीयांनाही सामील करून घेतले जाते. अशा केंद्रात केवळ ‘अगदी वाया गेलेली’ माणसेच जातात हा गैरसमज मनातून काढून टाकावा. सवय स्वतःहून दोन-तीनदा सुटून पुन्हा लागली असेल, तर तेवढे कारण तज्ज्ञांना भेटण्यास पुरेसे आहे. पहिल्या भेटीला जाताना रोज किती आणि कधीपासून, याआधी सोडण्याचा प्रयत्न केला तेव्हा नेमका काय त्रास झाला आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून न्यावे, आणि जमल्यास घरातील एका माणसाला सोबत घ्यावे.